नसलेला निकाल

“माझी सनद जाईल का, भंते?”

प्रज्योत मेश्रामने दारातूनच विचारलं. वंदन करायचंही राहून गेलं.

मेलबर्नच्या एका टोकाला, टायरच्या दुकानामागे भाड्याच्या दोन खोल्यांत हा विहार होता. भंते सुमेध मूळचे भंडाऱ्याकडचे. प्रज्योत नागपूरचा. या परक्या शहरात वकिली करून त्यानं नाव काढलं होतं, आणि नावाबरोबर मानही जरा ताठ झाली होती.

“सनदीचं मले काय समजते?” आसनावर बसलेले भंते म्हणाले. “झालं काय, ते सांग.”

प्रज्योत सांगू लागला. सलेश नावाचा फिजीचा माणूस. बाराव्या वर्षी इथे आला, इथेच शिकला, दोन मुलींचा बाप झाला. विशीत एका मारामारीपायी तुरुंगात गेला होता. तेच जुनं प्रकरण काढून सरकारनं आता त्याचा व्हिसा रद्द केला. अपील प्रज्योतकडे होतं.

“अकरा निकालांचे दाखले दिले मी. एकदम ताजे. इथला कायदा रोज बदलतोय, भंते. एकेक निकाल वाचत बसायला वेळ कुणाला आहे? एआयकडून काढून घेतले.”

“मंग?”

“त्यातला एक न्यायाधीशांना सापडेना. भर कोर्टात विचारलं, हा निकाल तुम्ही स्वतः वाचलाय का?”

“तू काय म्हणाला?”

“…वाचलाय, म्हणालो.”

झाकली मूठ अर्ध्या तासात उघडी पडली. तसा निकाल कुठल्याही कोर्टानं कधी दिलाच नव्हता. पक्षकार, तारीख, न्यायाधीशाचं नाव, सगळं मशीननं रचलेलं. मग उरलेल्या दहा खऱ्या निकालांवर तरी कोण विश्वास ठेवणार? अपील फेटाळलं गेलं.

“आता माझी चौकशी लागलीय. पंधरा वर्षांची मेहनत पाण्यात गेली, भंते.”

“अन् तो मानूस?”



“उद्या दुपारी विमान आहे त्याचं,” प्रज्योत म्हणाला. “काल त्याच्या मुली ऑफिसात आल्या होत्या. मी आतल्या खोलीत बसून राहिलो. त्या जाईपर्यंत बाहेर आलो नाही.”

एवढं बोलून तो रडायला लागला. कोर्टात रडला नव्हता, घरी बायकोसमोरही नाही.

भंतेंनी त्याला रडू दिलं.

“तो निकाल हाय का जवळ?”

“त्या थापेचं काय करायचंय आता?”

“वाच ना बापा. मराठीत सांग.”

प्रज्योतनं बॅगेतून कागद काढला. खरं म्हणजे तो निकाल सबंध असा तो पहिल्यांदाच वाचत होता.

“‘हा माणूस आमच्याच शाळेत शिकला आणि आमच्याच रस्त्यांवर बिघडला. त्याचं चांगलं तेवढं आमचं आणि वाईट ते परक्याचं, असं हे न्यायालय म्हणणार नाही. शिक्षा त्यानं एकदा भोगली आहे. लेकरांपासून तोडण्याची दुसरी शिक्षा त्याला देण्याचा अधिकार कुणालाही नाही.’”

…

विहाराची रीत अशी, की धम्म सांगणारा वर बसतो आणि ऐकणारा खाली. भंते गुडघे धरत आसनावरून उतरले. प्रज्योतच्या हातातला कागद घेऊन त्यांनी तो आसनावर ठेवला, स्वतः सतरंजीवर बसले आणि हात जोडले.

ही आपली थट्टा चाललीय, असं प्रज्योतला वाटलं. पण म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते.

“कोनं लिवलं हे? नाव सांग त्याचं.”

“नाव खोटं आहे, भंते.”

“खरं सांग मंग.”

“कुणीच लिहिलं नाही. सांगितलं ना, मशीननं…”

भंतेंनी पुन्हा त्या कागदाकडे पाहिलं. जोडलेले हात हळूहळू मांडीवर आले.

“म्हनजे… हे लिहाले आपल्यातला एकबी मानूस भेटला नाही.”