लुडबुड आणि माहेरची कुंडी

एक होती राणी. तिला एक राजाही होता, पण गोष्ट राणीची आहे, म्हणून राजा जरा बाजूला बसेल. ए, तूही जरा बाजूला सरक, तिला पांघरूण पुरत नाहीये. हं, तर राणीचं नाव कुंदा.

कुंदाराणीचं सासर होतं उंच डोंगरावर. एवढ्या उंच की वारा तिथे मुक्कामालाच असायचा. बाहेर रोप लावावं सकाळी, तर ते दुपारी शेजारच्या राज्यात सापडायचं! म्हणून त्या राज्यात झाडं घरात राहायची. खिडकीत तुळस, कोनाड्यात कोरफड, पलंगाच्या पायाशी मोगरा. पाहुणे आले की आधी कुंड्या उचलायच्या, मग त्यांना बसायला जागा द्यायची.

आणि तिथली एक रीत होती, बरं का. लग्न होऊन येणारी मुलगी माहेराहून एक कुंडी घेऊन यायची. पालखीत मांडीवर धरून आणायची. घरात तिच्या नावाचं काहीतरी हिरवं असावं, म्हणून.

कुंदाराणीच्या आईने तिला दिलं होतं बोलकं झाड. दिसायला साधंच. पण वर्षातून एकदा त्याला तीन कळ्या यायच्या. एकेक कळी उमलायची आणि उमलताना आईच्या आवाजात एक वाक्य बोलायची. एकच हं! मग फूल गळून पडायचं. पहिली कळी रागवायची. दुसरी माहेरची खबर सांगायची. आणि तिसरी दरवर्षी एकच गोष्ट विचारायची. काय विचारायची? ते शेवटी. मध्ये विचारायचं नाही.

राणीचं माहेर सात डोंगरांपलीकडे. लग्न झाल्यापासून तिला काही तिकडे जाता आलं नव्हतं. मग ती बिचारी वर्षभर त्या तीन वाक्यांवर दिवस काढायची. झाडाला कळ्या धरल्या की तिचं जेवणात लक्ष नसायचं, झोपेत नसायचं, राजाच्या बोलण्यात तर नसायचंच.

तर एकदा काय झालं, झाडाला नुकत्या तीन कळ्या धरल्या होत्या आणि राजवाड्यात एक भुरी मांजर आली. तोंडात पिल्लू. मांजर आपल्या पिल्लांना सात घरं फिरवते, माहीत आहे ना? तिची या पिल्लाला सहा घरं दाखवून झाली होती. गवळ्याचं दाखवलं, कुंभाराचं दाखवलं, कुठे कुठे नेलं. राजवाडा सातवा. तिने पिल्लू राणीच्या दारात ठेवलं, एकदा चाटलं आणि निघून गेली ती गेलीच.

पिल्लू केवढं? माझ्या या मुठीएवढं. पण उद्योग हत्तीएवढे! पहिल्या दिवशी तुळशीची माती उकरली. दुसऱ्या दिवशी पानवेलीला लोंबकळून झोके घेतले. तिसऱ्या दिवशी कोरफडीशी कुस्ती केली, हरलं, आणि राग मोगऱ्यावर काढला. कुठलीही कुंडी बघावी, त्यातून दोन कान वर! राणीने त्याचं नाव ठेवलं लुडबुड.

मग लुडबुड बोलक्या झाडापाशी घुटमळायला लागली. शेपूट हलवत एकटक कळ्यांकडे बघायची. राणीने ते पाहिलं. ती राजाकडे गेली. म्हणाली, "अहो, माझ्या कळ्या!"

राजा म्हणाला, "एवढंच ना? पहारा बसवू."

मग कुंडीभोवती सैनिक उभे राहिले. ताठ! हातात भाले, आणि भाल्यांना लाल लाल गोंडे. आता मांजरासमोर कुणी गोंडे नाचवतं का? लुडबुडने एका गोंड्यावर उडी मारली, तिथून एकाच्या पागोट्यावर, तिथून दुसऱ्याच्या मानेवर, तिथून त्याच्या अंगरख्यात. त्याला झाल्या गुदगुल्या. तो हसला, तो हसला म्हणून शेजारचा हसला, आणि सगळी फौज जमिनीवर लोळायला लागली. लुडबुड अंगरख्याच्या बाहीतून बाहेर आली, कुंडीवर चढली आणि पहिली कळी मटकावली.

गट्टम!

आणि मग नुसती झाली की मजा. दरबार भरला होता. परमुलुखाचा वकील, म्हणजे तिथल्या राजाचा दूत, आला होता. लुडबुड टुणकन सिंहासनाच्या हातावर चढली, तिने तोंड उघडलं, आणि म्याँव न येता आला राजाच्या सासूबाईंचा आवाज! "कुंदे, जावईबापूंना तूप कमी वाढ. सिंहासनात मावेनासे झालेत!"

वकील छताकडे बघायला लागला. राजा लाल झाला आणि ताडकन उठला. तर सिंहासनही त्याच्याबरोबर उठलं! मग दोघांनी राजाला धरलं, दोघांनी सिंहासनाला, तेव्हा कुठे सुटका झाली.

राणी त्या वेळी आत मोगऱ्याला पाणी घालत होती. दासीने येऊन सगळं सांगितलं. राणी आधी पोट धरून हसली. मग तिच्या लक्षात आलं. आईचं रागावणं आलं आणि गेलं, आणि तिच्या कानावर पडलंच नाही.

मग आले प्रधानजी. दाढी कुरवाळत म्हणाले, "मांजराला संत्र्याचा वास सोसत नाही. कुंडीत संत्र्याची सालं पसरा."

पण एवढी सालं आणायची कुठून? मग हुकूम सुटला, सगळ्यांनी संत्री खायची. सैनिकांनी खाल्ली, दासींनी खाल्ली, प्रधानजींनी तर दाढी चिकट होईपर्यंत खाल्ली. वकील बिचारा पाहुणा, त्यालाही सोडलं नाही. दरबारात कुणी बोलायला तोंड उघडलं की आधी बी बाहेर पडायची. आणि कुंडीत सालांचा हा ढीग! लुडबुड आली. तिने वास घेतला. फटाफट शिंकली आणि नाक मुरडून निघून गेली.

प्रधानजींची छाती फुगली. पण सालं किती दिवस ओली राहणार? ती वाळली. वास गेला. वाळून गोल गोल झाली आणि पंजा लागला की कुरकुर वाजायला लागली. लुडबुडला वाटलं, अगंबाई, किती छान! ही सगळी खेळणी माझ्यासाठी! ती थेट कुंडीत उतरली, सालं उडवली, लाथाडली, आणि खेळून भूक लागली तेव्हा दुसरी कळी खाल्ली.

गट्टम!

तोंड पुसत ती स्वयंपाकघरात गेली. आचारी भाकऱ्या थापत होता. लुडबुड चुलीपाशी ऊब घेत बसली आणि राणीच्या आईच्या आवाजात माहेरची खबर सांगून मोकळी झाली. आचाऱ्याने पिठाने भरलेल्या हातांनी तिला लोटांगण घातलं.

राणी धावत आली. "काय म्हणाली? काय म्हणाली माझी आई?"

आचारी म्हणाला, "राणीसाहेब, भाकरी करपत होती हो. माझं निम्मं लक्ष तव्यावर. कुणीतरी व्यालंय आणि जुळं झालंय, एवढं नक्की. पण तुमची मावशी का तुमच्या मावशीची म्हैस, ते काही आठवत नाही."

आता मात्र राणी खाली बसली आणि रडायलाच लागली. "माझ्या आईचं बोलणं दरबाराने ऐकलं. आचाऱ्याने ऐकलं. त्या परक्या वकिलाने ऐकलं! मी सोडून सगळ्यांनी ऐकलं. आता एकच कळी उरली. तीही गेली, तर पुढच्या वर्षापर्यंत मी काय करू?"

राजाला तिचं रडणं बघवेना. तो म्हणाला, "पुरे झालं. हिला टोपलीत घाला आणि डोंगराखाली सोडून या."

राणीही रागातच होती. तिने स्वतः टोपली आणली, लुडबुडला मानगुटीला धरलं आणि आत ठेवलं. लुडबुडला वाटलं नवा खेळ. पण राणीने झाकण हातात घेतलं तशी तिने दाराकडे बघितलं. तेच दार, जिथून तिची आई गेली होती. आणि ती ओरडली. म्याँव. या वेळी आवाज कुणाचा नव्हता हं, तिचा स्वतःचा होता. एवढासा.

राणीचा हात थांबला. तिला आठवली आपली पालखी. बाहेर भणभण वारा, आत आपण, आणि मागे राहिलेली आई. आपल्या मांडीवर निदान कुंडी तरी होती. आणि ही? हीसुद्धा आईपासून लांब, परक्या घरी आलेली. हिच्या हातात कुणी काहीच दिलं नाही. मग ही दुसऱ्यांच्या कुंड्यांत शिरणार नाही तर काय करणार?

राणीने झाकण टाकून दिलं. लुडबुडला उचललं आणि डोळे पुसत म्हणाली, "चल गं बाई. तुझं माहेरपण राहूनच गेलं."

मग राणीने काय केलं? लुडबुडला पाटावर बसवलं. हळदीकुंकवाचं बोट लावलं. ती लगेच चाटून मोकळी झाली! मग तिची ओटी भरली. मांजराची ओटी हो! तांदूळ होते, पण खोबऱ्याच्या वाटीऐवजी सुकट होती, त्यामुळे ओटी भरता भरताच रिकामी झाली. आणि मग राणीने एक नवी पसरट कुंडी घेतली. आपण घट बसवताना मातीत गहू पेरतो ना, तसे त्यात गहू पेरले. कुंडी खिडकीत ठेवली आणि म्हणाली, "ही तुझी. ती माझी." आपल्या कुंडीच्या मातीवर तिने गोल गोल दगड रचले, म्हणजे उकरायची सोयच नको.

गहू उगवले. हिरवेगार, मऊमऊ! लुडबुडने त्यांचा वास घेतला. एक पातं चावलं. दोन चावली. मग त्यातच पसरून झोपली. तिला आपल्या कुंडीचा असा काही तोरा चढला की राजा नुसता जवळून गेला तरी गुरगुरायची. आणि खेळायचं काय? तेही ठरलं. रोज संध्याकाळी राजा दोऱ्याला मोरपीस बांधून दालनभर पळायचा आणि लुडबुड त्याच्या मागे. तूप कमी, पळणं जास्त! राजा सिंहासनात अगदी अलगद मावायला लागला.

एके दिवशी मात्र लुडबुड पुन्हा बोलक्या झाडापाशी आली. राणीने श्वास रोखला. लुडबुडने मान वर केली. तिसऱ्या कळीकडे बघितलं. एक पंजा उचलला. आणि मग त्या पंजाने आपला कान खाजवला आणि ती आपल्या गव्हात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला. एका कुंडीपाशी राणी, एका कुंडीत लुडबुड. कळी हलली. एक पाकळी उघडली, दुसरी उघडली, आणि राणीच्या आईचा आवाज आला.

"जेवलीस का गं, बाळा?"

राणी कळीवर वाकली. तिला "हो गं आई" म्हणायचं होतं. तेवढ्यात शेजारच्या कुंडीतून उत्तर आलं, "म्याँव!" आणि राणी हसली, रडली, पुन्हा हसली. तिने लुडबुडला पोटाशी धरलं. फूल अलगद गळलं आणि दोघींच्या मध्ये पडलं.

मागून राजा हळूच म्हणाला, "मी नाही हं जेवलो अजून."

मग ती तिघं जेवायला बसली. राणीच्या पानात भाकरी, लुडबुडच्या ताटलीत दूध, आणि राजाच्या भातावर थेंबभर तूप. त्या दिवसापासून तिथे मांजर आलं की त्यालाही एक कुंडी मिळते, आणि सगळ्यांचं छान चाललंय.

तुम्ही जेवलात ना? पोट भरलं? मग चला, मिटा डोळे.