हयातीचा दाखला

"मग माझ्या मुलांच्याच खिडकीवर माणसं का जात नाहीत, मास्तर?"

निरंजन पाटणकरने हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा तुपे मास्तर चहात साखर ढवळत होते. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा शर्टाला इस्त्री करत होते. आता तो शर्ट अंगात चढवून ते बटणं लावत होते, आणि गळ्याचं बटण म्हाताऱ्या बोटांना काही केल्या दाद देत नव्हतं.

"कुठल्या गावी नाही जात?"

"सगळीकडे तेच. जिथे जिथे माझी मुलं लागली, तिथे तिथे."

"हं," मास्तर म्हणाले आणि पुन्हा बटणाच्या मागे लागले.

तेवीस वर्षांपूर्वी निरंजन बँकेत नवा लागला, तेव्हा प्रशिक्षण केंद्रात त्याला याच तुपे मास्तरांनी शिकवलं होतं. आता मास्तर निवृत्त होऊन जुन्नरला दोन खोल्यांत राहत होते आणि निरंजन मोठा माणूस झाला होता. देशभरातल्या तरुणांना बँकेच्या नोकरीसाठी तयार करायची जी राष्ट्रीय योजना होती, तिचा चाळीस दिवसांचा सगळा अभ्यासक्रम त्याने एकट्याने बांधला होता. अकरा हजार मुलं त्यातून बाहेर पडली होती. प्रत्येकाच्या प्रमाणपत्रावर त्याची सही होती. भाषणांत त्याने 'कौशल्य' हा शब्द इतक्या वेळा उच्चारला होता, की त्याचा त्यालाच कधीकधी कंटाळा येई.

आणि आता शाखांमधून पत्रांवर पत्रं येत होती. मुलं हुशार आहेत, पण त्यांच्या खिडक्या ओस पडतात. सोमवारी दिल्लीत समितीपुढे याचं उत्तर द्यायचं होतं. उत्तर पटलं तर अभ्यासक्रम टिकणार. नाही पटलं तर गुंडाळला जाणार, आणि त्याबरोबर निरंजनची दहा वर्षं.

"नव्वद टक्क्यांच्या खाली कोणी नाही, मास्तर. अकरा मिनिटांत खातं उघडून देतात. एक कागद इकडचा तिकडे होत नाही. आणि लोक शेजारच्या रांगेत ताटकळतात. वीस-वीस माणसं!"

"तू बसून पाहिलंस?"

निरंजनने मान खाली घातली.

"बसलो. मागच्या बुधवारी. कोण आहे ते न सांगता."

"मग?"

"काही नाही..."

काही नाही कसं? चार तास तो अशाच एका ओस खिडकीत बसला होता. एक म्हातारी आली, तिला त्याने आपल्या अभ्यासक्रमातल्या आवाजात विचारलं, "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो?" म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं, "असू दे बाबा," म्हणाली आणि शेजारच्या रांगेत सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. दुपारी त्याने तिथेच बसून डबा खाल्ला. दहा वर्षं तो गावोगावच्या गेस्ट हाऊसांत एकटाच जेवत आला होता, पण इतकं एकटं त्याला कधी वाटलं नव्हतं. हे मात्र त्याने मास्तरांना सांगितलं नाही. साहेबी आड आली.

मास्तरांचं बटण एकदाचं लागलं. त्यांनी केस विंचरले, कापडी पिशवी उचलली.

"येतोस का बरोबर? शाखेत जाऊन येतो."

"आत्ता? मी एवढ्या लांबून आलोय, मास्तर!"

"नोव्हेंबर आहे. हयातीचा दाखला द्यायचाय."

पेन्शन घेणाऱ्याने वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं बँकेला दाखवून द्यायचं असतं. नाही दाखवलं, तर पेन्शन थांबते. हे निरंजनला ठाऊक नसेल तर कोणाला? त्याचा चेहरा खुलला. सकाळपासून प्रथमच त्याला येणारं काहीतरी निघालं होतं.

"अहो, त्यासाठी आता कोणी शाखेत जातं का?"

"जायचं नसतं?"

"बसा तुम्ही. तुमचा फोन द्या. आणि पेन्शनचे कागद."

अभ्यासक्रमातला हा त्याचा सगळ्यात लाडका धडा होता. पाचशे-पाचशे मुलांपुढे त्याने तो करून दाखवला होता, टाळ्या घेतल्या होत्या. त्याने भराभरा आकडे भरले आणि फोन मास्तरांच्या तोंडासमोर धरला.

"चष्मा काढा. इकडे बघा. हलू नका... आता डोळे मिटा. उघडा."

मास्तरांनी मिटले, उघडले. औषध पाजून घेणाऱ्या मुलासारखे ते निमूट बसून होते.

फोनवर हिरवी खूण आली.

"झालं!" निरंजन म्हणाला. "दोन मिनिटं. आता वर्षभर बघायला नको."

"झालं?"

"झालं."

"म्हणजे मी आहे."

"आहात की!" निरंजन हसला.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी हळूहळू सगळी बटणं काढली, शर्ट घडी घालून कपाटात ठेवला आणि बनियनवर खाटेवर येऊन बसले. घड्याळात साडेदहा वाजत होते.

"आता सांगा मास्तर, आता वेळच वेळ आहे," निरंजन खुर्ची पुढे ओढत म्हणाला.

"हो. वेळ आहे खरा..."

मास्तरांनी पिशवीतून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. पुडी सुटली आणि चार-पाच आवळे घरंगळले.

"हे काय?"

"परसातले आहेत. शेटेबाईंसाठी घेतले होते."

"शेटेबाई कोण?"

"तीन नंबरची खिडकी."

मास्तर एकेक आवळा उचलून पुन्हा पुडीत घालू लागले.

"नऊ वर्षं मला ओळखतात बाई. तरी दर नोव्हेंबरात विचारतात, पूर्ण नाव सांगा."

"नियमच आहे तसा."

"असेल."

मास्तरांनी शेवटचा आवळा पुडीत घातला.

"वर्षातून तेवढं एकदा कोणीतरी माझं पूर्ण नाव विचारतं रे."

निरंजनने खोलीभर पाहिलं. खोलीत एकच खुर्ची होती आणि तिच्यावर तो बसला होता. मास्तरांची बायको जाऊन सहा वर्षं झाल्याचं त्याला ठाऊक होतं. तेव्हा तो भुवनेश्वरला होता, त्याने फोनवर दोन ओळी लिहून पाठवल्या होत्या. आपण आज या माणसाच्या घरात शिरून याचा वर्षाचा सण दोन मिनिटांत उरकून टाकला, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

तो ताडकन उठला.

"चला मास्तर. शर्ट घाला. आपण जाऊ शाखेत."

"कशाला?"

"दाखला द्यायला."

"दिला ना तू आत्ता."

"परत देऊ! काय बिघडतं?"

"काम नसताना खिडकी अडवायची नसते. मागे माणसं उभी असतात."

हेही त्याला मास्तरांनीच शिकवलं होतं, अगदी पहिल्या आठवड्यात. निरंजन मटकन खाली बसला. केलेलं आता मागे घेता येत नव्हतं.

"चुकलं माझं."

"चुकलं कुठे? एकही आकडा चुकला नाही तुझा." मास्तर हे मनापासून म्हणाले, आणि ते निरंजनला जास्तच लागलं.

"पुढच्या वर्षी मी स्वतः येऊन..."

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी."

बाहेर भाजीवाली ओरडत गेली. तिचा आवाज गल्लीच्या टोकाशी विरेपर्यंत मास्तर ऐकत राहिले. मग उठले, टेबल ओढून त्यांनी दोघांच्या मधोमध आणलं. दिनदर्शिकेचं एक जुनं पान फाडून कोरी बाजू वर केली, त्यावर पेन ठेवलं आणि समोर खाटेच्या कडेवर येऊन बसले.

"तू विचार."

"काय?"

"शेटेबाई विचारतात ते."

निरंजन सावरून बसला. पाठ ताठ, कोपर टेबलाबाहेर नाही, अगदी अभ्यासक्रमात लिहिल्याप्रमाणे. पेन कागदावर टेकवून त्याने विचारलं,

"नमस्कार. आपलं पूर्ण नाव?"

मास्तर बोलले नाहीत.

"नाव सांगा, मास्तर."

बंद खिडकीसमोर माणूस उभा राहतो, तसे मास्तर बसून होते. चिडलेले नव्हते, घाईतही नव्हते.

"मास्तर..."

निरंजनने पेन खाली ठेवलं आणि मान वर केली. मास्तरांच्या हनुवटीवर वस्तऱ्याची ताजी रेघ होती. आज त्यांनी मुद्दाम दाढी केली होती. कानामागे पावडर राहिली होती. डोळे मोतीबिंदूने धुरकट झाले होते. सकाळपासून तीनदा प्रश्न विचारला आपण, पण या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही, असं त्याच्या मनात आलं.

"मास्तर," तो अगदी हळू म्हणाला, "तुमचं पूर्ण नाव काय?"

मास्तरांचे ओठ हलले.

"रखमाजी..."

बऱ्याच वेळाने पुढचं आलं.

"रखमाजी कोंडिबा तुपे."

निरंजनचा हात सवयीने पेनाकडे गेला. तो लिहायला वाकणार, तोच मास्तरांनी कोऱ्या कागदावर आपला तळवा ठेवला.

"तुझी मुलंही इथेच मान खाली घालत असतील. नाव पोचलं रे. मी अजून वाटेत आहे."