पान एकेचाळीस

“सर, वाचलंत का?”

“नाही.”

“पंधरा दिवस झाले देऊन.”

“सोळा,” बुवा म्हणाले, आणि तुरीची पुढची शेंग सोलायला घेतली.

नदीकाठच्या त्या लहानशा मठात सगळे त्यांना बुवा म्हणत. सर म्हणणारा एकटा त्र्यंबक हुद्दार. मठात येण्याआधी बुवांनी चौतीस वर्षे कॉलेजात गणित शिकवले होते, आणि त्र्यंबक तेव्हा पहिल्या बाकावर बसत असे. पुढे तोही तालुक्याच्या शाळेत गणिताचा मास्तर झाला आणि निवृत्तही झाला. डोक्याचे केस गेले तरी पहिल्या बाकाची ऐट काही गेली नव्हती.

त्याने आणून दिलेली वही साधीसुधी नव्हती. दोनपेक्षा मोठी कुठलीही समसंख्या घ्या, ती दोन मूळ संख्यांची बेरीज असते. दहा म्हणजे तीन आणि सात. वीस म्हणजे सात आणि तेरा. एवढे शाळकरी पोरालाही कळते. पण हे प्रत्येक समसंख्येबाबत खरेच आहे, असे जवळजवळ तीनशे वर्षांत भल्याभल्यांना सिद्ध करता आलेले नाही. त्र्यंबकने ते केले होते. निदान एकशे बारा पानांच्या त्या बांधीव वहीच्या पुठ्ठ्यावर तसे सोनेरी अक्षरांत म्हटले होते.

“येत्या रविवारी शाळेत माझा सत्कार आहे, सर. तुमच्या दोन ओळी हव्यात. फक्त दोन.”

“कसल्या?”

“सिद्धता बरोबर असल्याच्या.” त्र्यंबक जरा घुटमळला. “पत्रिकेत ‘जाणकारांनी मान्य केलेली’ असं छापून गेलंय.”

“जाणकार कोण?”

“तुम्हीच की.”

बुवांनी हातातल्या शेंगेकडे पाहिले. “म्हणजे बाजारात तुरी…”

पुढची म्हण त्यांनी पुरी केली नाही. त्र्यंबकला ती पाठ होती.

“दहा लाखांपर्यंतची एकेक समसंख्या तपासलीय मी,” तो घाईने म्हणाला. “एकही चुकली नाही.”

“दहा लाखांच्या पुढे किती राहिल्या?”

त्र्यंबक बोटांवर काहीतरी मोजू लागला.

“वही आण इकडे. त्या कोनाड्यात आहे.”

त्र्यंबकने वही आणली. सोळा दिवसांत तिच्यावर बारीक धूळ बसली होती. ती त्याने धोतराच्या सोग्याने पुसली आणि पहिले पान काढून बुवांसमोर धरली.

“उघडू नकोस. मीट. आता शिवणीची बाजू खाली करून उभी कर, आणि सोडून दे.”

“म्हणजे?”

“सोड रे.”

त्र्यंबकने वही जमिनीवर उभी धरली आणि हात काढला. वही दोन्हीकडे पसरली. पान एकेचाळीस.

“परत.”

पान एकेचाळीस.

“योगायोग असेल,” त्र्यंबक म्हणाला.

“असेल. परत.”

तिसऱ्या खेपेला त्याने हात काढायला फार वेळ लावला. वहीने मात्र लावला नाही.

बाकीची पाने नव्यासारखी करकरीत होती. या एकाच पानाचे कोपरे बोटांनी काळे पडले होते, समासात खोडरबराने कागद विरला होता, आणि चहाच्या कपाचे एक वर्तुळ उमटले होते. बुवांनी चष्मा लावला. सोळा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी एक ओळ वाचली, तीही मोठ्याने.

“‘यावरून पुढील विधान खरे आहे, हे स्पष्टच आहे.’”

मग चष्मा कपाळावर सरकवला.

“कुणाला?”

त्र्यंबकने बाहेर नजर वळवली. अंगणात कुणीतरी झाडत होते.

“तो एक टप्पा जरा नीट लिहायचा राहिलाय,” शेवटी तो म्हणाला. “एवढंच.”

“किती वर्षं राहिलाय?”

“…एकोणीस.”

“इतकं नेमकं?”

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्र्यंबकने ती एकोणीस वर्षे झाकून ठेवली होती, आणि आता बोटे दुखायला लागली होती.

“अकरावीच्या वर्गात मी ही सिद्धता फळ्यावर मांडली होती,” तो म्हणाला. “अभ्यासक्रमात नव्हतीच. मुलांनी बघावं, आपला मास्तर काय करतोय ते. दोन फळे भरले. या ओळीपाशी आलो तेव्हा एक मुलगी उभी राहिली.”

“नाव?”

“शकीला. शकीला मणेर. म्हणाली, सर, हे वरून खाली कसं आलं, ते नाही दिसलं.”

“मग?”

“मी म्हणालो, स्पष्ट आहे. ती म्हणाली, मला नाही दिसत, सर.”

“मग?”

त्र्यंबक वहीच्या त्या काळवंडलेल्या कोपऱ्याकडे बघत राहिला.

“मी म्हणालो, दिसेपर्यंत उभी राहा.”

बुवांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“दोन तास उभी होती. घंटा झाली, पोरं हसत निघून गेली. मी डस्टर घेऊन फळा पुसला आणि मीही निघालो. पुढच्या वर्षी तिनं गणित सोडलं. मला डोकं नाही म्हणाली गणिताचं, असं कानावर आलं.”

“होतं?”

“माझ्या सबंध नोकरीत तेवढं एकच होतं.”

आता त्याची मान खाली गेली होती. पण बोलायचे थांबवणे त्याच्या हाती राहिले नव्हते.

“ती गावच्या पोस्टात आहे, सर. या वहीच्या प्रती मी विद्यापीठांना पाठवतो, त्या तीच वजन करून घेते. आतापर्यंत तेवीस पाठवल्या. दर वेळी म्हणते, सर, पावती घ्या. दुसरं काही बोलत नाही. मी पावती घेतो. तोंड वर करून बघवत नाही.”

“तिचा प्रश्न चुकीचा होता, हे तुला कधी कळलं?”

“चुकीचा नव्हता.”

“बरोबर होता, हे कधी कळलं?”

“तिनं विचारला तेव्हाच,” त्र्यंबक म्हणाला. “त्याच क्षणी. फळ्याकडे वळलो, आणि मलाही दिसेना. म्हणून तर चिडलो.”

हे त्याने बायकोलाही सांगितले नव्हते. सांगून झाल्यावर त्याला इतकी लाज वाटली की तो आपल्याच हातांकडे परक्यासारखा बघू लागला. पंचवीस वर्षे खडू धरलेले हात. त्यांनीच तो फळा पुसला होता.

बुवांनी वही मांडीवर घेतली. खिशातली पेन्सिल काढली, एकेचाळिसाव्या पानाच्या समासात काहीतरी लिहिले आणि वही परत दिली.

त्र्यंबकने आशेने पाहिले. माणसाची आशा मोठी चिवट. दोन ओळी नव्हत्या. दोनच शब्द होते. शकीला मणेर.

“सर, हे…”

“जाणकार हवा होता ना तुला?”

त्र्यंबकने वही मिटली. मिटलेली वही दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली, जणू पुन्हा उघडेल.

“आणि रविवारी? पत्रिका वाटून झाल्यात, सर. माझीच पोरं आहेत सगळी. हार आणलेत, मांडव घातलाय. त्यांच्यासमोर मी उभा कसा राहू?”

बुवांनी सूप पुढे ओढले आणि सोललेले दाणे एका बाजूला केले.

“तुझ्या उभं राहण्याचं नंतर बघू,” ते म्हणाले. “ती एकोणीस वर्षं उभी आहे. जा, आधी तिला बसायला सांग.”