साहेबाची क्रायबंदी

बंदरावर आलेल्या नव्या कलेक्टरसाहेबाला सकाळची झोप फार प्यारी. त्याने हुकूम काढला, बंगल्याच्या परिसरात जो कोणी 'क्राय' करील त्याला गावबंदी! दुसऱ्याच दिवशी "बांगडे घ्या, ताजे बांगडे!" अशी आरोळी ठोकताना पोवळीबाई कोळीण सापडली. गाव सुटलं की धंदा बुडाला; तिच्या तोंडचं पाणी पळालं.

बंगल्याच्याच ओसरीवर कचेरी भरली. तिच्या बाजूने त्र्यंबकराव वकील उभे राहिले.

"साहेब, क्राय म्हणजे ओरडणं की रडणं?"

साहेब मिशीत हसला. "वकील, तुमचं इंग्रजी कच्चं! शब्द मुळात ओरडण्याचा, रडणं त्याला मागून चिकटलं. माझ्या हुकमात दोन्ही आले."

"आणि सूट कुणाला?"

"कुणालाच नाही!"

"मग सरकार," त्र्यंबकराव हात जोडून म्हणाले, "बाईच्या आधी आपल्या चिरंजीवांना गावाबाहेर काढावं लागेल. त्यांना दात येताहेत, पहाटेपासून त्यांचा क्राय अख्खं बंदर ऐकतंय!"

कचेरी खो खो हसली. साहेबालाही हसू आवरेना. त्याने हुकूम तिथेच फाडला. पोवळीबाईने पाटी डोक्यावर घेतली आणि ओसरीवरूनच अशी खणखणीत आरोळी ठोकली, की आतलं बाळ रडायचं विसरलं!