पडला तरी काही होत नाही

सकाळी सव्वाअकराला रेवाला कडेवर घेऊन मी कॅमेऱ्याच्या दुकानात शिरले. तिचे बाबा जहाजावर असतात. लेकीचं पहिलं वर्ष त्यांना शूटिंगमध्येच बघायला मिळणार होतं.

"वहिनी, कॅसेटचा जमाना गेला," दुकानदार खामकरशेठ म्हणाले. "हा हार्डडिस्कवाला घ्या. सगळं वर्ष यातच मावेल."

"आणि पडला तर?"

"काही होत नाही हो! उगाच भिता."

तेवढ्यात रेवानं कॅमेऱ्याचा पट्टा ओढला. शेठ केवढ्यांदा ओरडले, "अहो, धरा तिला! पाडेल ती!"

"शेठ, रिकाम्या कॅमेऱ्यासाठी तुमचा जीव एवढा खालीवर झाला. माझ्या तर लेकीचं अख्खं वर्ष आत असणार!"

शेठ हसले. "खरंय. कॅसेट एक बिघडली तरी बाकीच्या राहतात," म्हणत त्यांनी कॅसेटवाला काढला.

तुमच्या ओळखीत कुणाचं मूल रांगत असेल, तर त्याच्या आईला एवढं जरूर सांगा: सगळं वर्ष एकाच ठिकाणी साठवू नका.