उघड्या डोळ्यांची रीत

"मग डोळे कोरताना तरी चष्मा काढायचा ना, अण्णा?"

मूर्तीच्या पायांवरची धूळ सिदराम अण्णा फडक्यानं झटकत राहिले.

विचारणारा मल्लिनाथ. अण्णांचा शेवटचा शिष्य. पोराच्या हातात कला होती, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. काळ्या पाषाणातली देवी त्यानं एकट्यानं उभी केली होती. राहिले होते फक्त डोळे. उद्या गावकरी ट्रॅक्टर घेऊन न्यायला येणार होते.

दगड घडवताना घालायच्या चष्म्याच्या बाबतीत अण्णा भारी खडूस. मल्लिनाथ पहिल्यांदा आला तो ऐटीत, काळा गॉगल लावून. अण्णांनी तो काढून घेतला आणि त्याला थेट तालुक्याच्या दुकानात नेलं. एकेक चष्मा त्याच्या तोंडावर चढवायचा. वाक म्हणायचं, मान झटक म्हणायचं, कडेनं बोट आत जातंय का ते चाचपून बघायचं. दुकानदार पार वैतागला. शेवटी निवडला तो दिसायला अगदी बावळट. काच पांढरी स्वच्छ, चारी बाजूंनी बंद, मागून पट्ट्यानं आवळायचा. काचेवर ओरखडे पडले की नवा आणायचा, कुणाचा जुना मागून आणशील तर बघ, अशी वर तंबी.

मल्लिनाथनं ते सगळं मुकाट्यानं पाळलं. पण देवीच्या डोळ्यांची गोष्ट वेगळी. त्या वस्तीतल्या पाथरवटांची रीतच होती, की बुबुळं कोरताना मधे काच नको. देव डोळे उघडतो तेव्हा समोर माणसाचे उघडे डोळे असावेत.

अण्णांचा डावा डोळा या रीतीतच गेला. खंडोबाची बुबुळं कोरताना दगडाचा टवका उडाला. लोक म्हणाले, देवानं आपला नैवेद्य घेतला. तेव्हापासून लांबलांबून माणसं येत. त्या मिटलेल्या डोळ्याकडे बघून पाया पडत, नारळ ठेवत, निघून जात. एरवी त्या पत्र्याच्या शेडकडे कुणी फिरकत नसे. बायको वारलेली, मुलगा पुण्याला. चहा आपणच करायचा, आपणच प्यायचा. फार एकटा होता हो तो माणूस. कुणाच्या ते लक्षातही येत नव्हतं, नारळ ठेवून जाणाऱ्यांच्या तर नाहीच.

मल्लिनाथही लहानपणी आईबरोबर येऊन त्याच डोळ्याच्या पाया पडला होता. त्याला तसंच व्हायचं होतं.

उत्तराची वाट न बघता त्यानं चष्मा काढून ठेवला. छिन्नीचं टोक देवीच्या डोळ्यावर टेकवलं.

"थांब," अण्णा म्हणाले.

ते उठून जवळ आले. वाकले, देवीच्या गालाला गाल लावला, आणि आपला उरलेला उजवा डोळा छिन्नीच्या अगदी शेजारी नेला.

"आता मार."

मल्लिनाथला आधी हसू आलं. मग त्याला कळलं, म्हातारा चेष्टा करत नाहीये.

"अण्णा, टवका उडाला तर..."

"उडू दे की. देवी घेईल."

...

वर गेलेली हातोडी वरच राहिली. स्वतःचा डोळा द्यायला हा गडी एका पायावर तयार होता. अण्णांच्या डोळ्यापाशी मात्र त्याचा हात खाली येईना. तो घाबरला. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली.

अण्णा हलले नाहीत. पापणीसुद्धा मिटली नाही त्यांनी.

शेवटी मल्लिनाथनं हातोडी खाली ठेवली. चष्मा उचलला, डोळ्यांवर चढवला, मागचा पट्टा आवळला. तेव्हा कुठे अण्णा कमरेवर हात ठेवून सरळ झाले.

"तुमचा डोळा देवानं मागितला होता ना?" मल्लिनाथनं विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता.

"नाही रे. चष्मा माझ्या खिशात होता."

...

मल्लिनाथला राग आला. इतकी वर्षं तो या माणसाला देवमाणूस समजत होता. आत्ताच थोडक्यात निभावलं, नाहीतर त्याचाही डोळा गेला असता. मग लोकांना खरं का सांगितलं नाही, असं त्यानं जरा चढ्या आवाजातच विचारलं.

अण्णा दाराकडे गेले. बाहेरचा रस्ता रिकामा होता. ते उंबऱ्यावर टेकले आणि त्याच्याकडे पाठ करूनच बोलले.

"सांगितलं असतं, तर पाया पडायला तरी कोण आलं असतं?"