गालिच्याची जागा

नगराध्यक्ष बापूसाहेब रेग्यांनी खाडीकाठ सुधारणेचा नवा नकाशा सभेत टांगला आणि ते फार गोड बोलू लागले, तेव्हाच जानकी तांडेलला शंका आली. निधी आला होता कोळणींच्या मासळी सुकवायच्या ओट्यासाठी. नकाशात मात्र उंचवट्यावर फिरायचा रस्ता आणि खाऊच्या टपऱ्या होत्या. ओटा खाली चिखलाजवळ ढकलला होता.

"तिथं भरतीचं पाणी येतं," जानकी म्हणाली.

"मावशी, मोजमाप झालंय. ओटा कायम कोरडा राहील. माझा शब्द आहे."

तो शब्दही तिला पटला नाही. तरी ती हसून म्हणाली, "मग भूमिपूजन त्याच जागी करा, येत्या पुनवेला दुपारी बाराला. दिवस चांगला आहे. आम्ही साऱ्याजणी येऊ."

बापूसाहेब खुलले. आमदारांना बोलावतो, मंडप घालतो, लाल गालिचा अंथरतो, असं त्यांनी भर सभेत जाहीर करून टाकलं. मागे कोळणींनी तोंडाला पदर लावले. तेवढ्यात बंदरावरचा कारकून लगबगीनं बापूसाहेबांच्या कानाशी लागला. पुनवेच्या उधाणाला, बाराच्या सुमारास, तिथं गुडघाभर पाणी असतं.

बापूसाहेबांनी घसा खाकरला. "मंडप आपण वर घालू. खाली गालिचा भिजेल."

"साहेब, तुमचा गालिचा जिथं तासभर कोरडा राहत नाही, तिथं आमची मासळी सुकणार कशी?"

नकाशा बदलला. तरी ओट्याचा शेवटचा दगड बसेपर्यंत जानकी रोज टोपली घेऊन त्या उंचवट्यावर बसून राहिली.